पाच रुपयांचा स्टॅम्प, पाच लाखांची ड्यूटी

हिशोब आधी, इतिहास मागून.

समजा पुण्यात ८० लाखांचा रीसेल फ्लॅट घ्यायचाय. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ६४ लाख. उरलेले १६ लाख आपले, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्यावर ७ टक्के स्टॅम्प ड्यूटी (मूळ ५, एक टक्का स्थानिक संस्थेचा, एक मेट्रोचा) म्हणजे ५ लाख ६० हजार. रजिस्ट्रेशनचे ३० हजार. वकिलाची फी वेगळीच. आणि कर्जाचं प्रमाण काढताना बँक हा वरचा खर्च घराच्या किमतीत धरत नाही, रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये तसं बजावलंय. थोडक्यात, ईएमआय झेपतोय या आनंदात असताना खिशातून रोख जवळजवळ २२ लाख काढायचे असतात. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर २०२१ पासून एक टक्का सवलत आहे, ती विसरू नका.

हे साडेपाच लाख नक्की कशाचे? या प्रश्नाने मला एक अख्खा रविवार खाऊ घातला :)

मूळ डच. स्पेनशी लढून लढून कंगाल झालेल्या हॉलंडने १६२४ मध्ये शिक्का मारलेल्या कागदाचा कर काढला. इंग्लंडने तो १६९४ मध्ये उचलला, फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी आणि फक्त चार वर्षांपुरता. (ती चार वर्षं अजून संपलेली नाहीत. घरखरेदीवर तिथे आजही कर आहे, नाव तेवढं बदललंय.) अमेरिकेतल्या वसाहतींवर १७६५ मध्ये हाच कर लादला तेव्हा एवढा भडका उडाला की वर्षभरात मागे घ्यावा लागला. बंगालमध्ये कंपनी सरकारने तो १७९७ मध्ये आणला. मुंबई इलाख्यात १८२७ च्या रेग्युलेशनांमध्ये तो आहे. १८५७ च्या उठावाने तिजोरी रिकामी झाल्यावर १८६० मध्ये देशभरासाठी कायदा झाला, त्याच वर्षी इन्कम टॅक्सही आला. मग १८९९ चा प्रसिद्ध कायदा, आणि आपल्या राज्याचा स्वतःचा १९५८ चा.

म्हणजे या पैशांच्या बदल्यात कोणतीही सेवा मिळत नाही. ही फी नाहीच, हा कर आहे.

पण डिझाइन बघा! इन्कम टॅक्सला अधिकारी लागतात, धाडी लागतात. स्टॅम्पचं तसं नाही. कायदा एवढंच म्हणतो की पुरेसा स्टॅम्प नसलेला कागद कोर्ट पुरावा म्हणून वाचणार नाही (आपल्या कायद्यात कलम ३४). आमच्या भाषेत सांगायचं तर व्हॅलिडेशन डेटा लिहिताना नाही, वाचताना होतं. कागद वीस वर्षं कपाटात गुपचूप पडून राहील. भांडण झालं, कागद कोर्टासमोर गेला, की एरर! आणि मग ड्यूटी अधिक दंड. माणूस या भीतीने आपणहून पैसे भरतो.

आता रजिस्ट्रेशन. हे वेगळं प्रकरण, लोक उगाच दोन्हींची मिसळ करतात. १९०८ च्या कायद्याने दस्ताची सरकारी वहीत नोंद होते, म्हणजे उद्या तोच फ्लॅट दुसऱ्याला विकायचा कोणी प्रयत्न केला तर जगाला आधीचा व्यवहार दिसू शकतो. ३० हजारांत हे मिळत असेल तर माझी तक्रार नाही. पण इथे एक मोठी गोची आहे. नोंद दस्ताची होते, मालकीची नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ पासून मालकीचीच नोंद होते आणि सरकार तिची हमी देतं. आपल्याकडचा सब-रजिस्ट्रार विकणारा खरा मालक आहे का हे तपासत नाही. तो त्याचा अधिकारच नाही, असं सुप्रीम कोर्टानेही एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं.

मग ते तपासतो कोण? आपला वकील. सगळ्यात छोटी रक्कम त्याची, आणि आपण घासाघीस नेमकी तिथेच करतो. तो 'तीस वर्षांचा सर्च' घेतो. तीसच का? गहाण सोडवून घ्यायची मुदत १९०८ च्या मुदतीच्या कायद्यात साठ वर्षं होती, १९६३ मध्ये ती तीस झाली. तीस वर्षं मागे गेलं की बहुतेक जुनी भुतं मुदतबाह्य होतात.

बहुतेक. कारण मुंबई-पुण्याच्या जुन्या सोसायट्यांत एक खास भूत आहे. १० डिसेंबर १९८५ च्या आधी बिल्डरशी केलेलं अॅग्रीमेंट हे फक्त 'विकायचा करार' समजलं जाई आणि पाच रुपयांच्या स्टॅम्पवर चालून जाई. खरी ड्यूटी पुढे सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स होताना. पण असंख्य बिल्डरांनी तो करूनच दिला नाही, त्यामुळे सरकारचे पैसे लटकले. म्हणून कायदा बदलला: ज्या कराराने ताबा मिळतो, तो करारच विक्री धरायचा आणि पूर्ण ड्यूटी तिथेच घ्यायची. सरकारच्या बाजूने बघितलं तर चोख बग-फिक्स आहे. फक्त ज्यांनी ८६-८७ मध्येसुद्धा सवयीने पाचच रुपये लावले, त्यांचे कागद लंगडे राहिले. असल्या जुन्या दस्तांसाठी (१९८० ते २०२०) डिसेंबर २०२३ पासून काही महिने अभय योजना होती. ती संपली, आणि कित्येकांना पत्ताही लागला नाही.

तेव्हा फ्लॅट जुना असेल तर पहिल्या मालकापासूनचं प्रत्येक अॅग्रीमेंट मागा, तारीख बघा, आणि स्टॅम्प किती रुपयांचा आहे ते बघा. कमी निघाला तर फरक आणि दंड विकणाऱ्याने भरायचा की तुम्ही, हे टोकन देण्याआधी ठरवून लिहून घ्या. टोकन दिल्यावर विकणारे काका एकदम कमी ऐकू यायला लागल्यासारखे वागतात.