सहा बटणे, तेरा आवाज

१९६३ सालच्या ऑगस्ट महिन्यात लंडनजवळच्या फेल्टम येथे सोळा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने आणि त्याच्या वडिलांनी घरातच एक गिटार बनवायला घेतली. मुलाचे नाव ब्रायन मे. वडील हॅरल्ड मे सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते आणि लागेल ती वस्तू घरी बनवण्याची त्यांना सवय होती. अमेरिकन बनावटीची इलेक्ट्रिक गिटार विकत घेणे या कुटुंबाला परवडणारे नव्हते. म्हणून जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड गिटारच्या दांडीसाठी आले, मोटारसायकलच्या स्प्रिंगा आल्या, आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे पडद्यांवरच्या खुणांसाठी आली. काम सुमारे दोन वर्षे चालले. 'रेड स्पेशल' या नावाने ही गिटार पुढे जगभर गाजली.

या गिटारीचे लाकूडकाम कौतुकाचे आहेच. पण शिक्षकांच्या दृष्टीने तिच्या पोटातली तारांची जोडणी अधिक बोलकी आहे. एकसर जोडणी, समांतर जोडणी, तरंगाची कला, विद्युत चुंबकीय प्रवर्तन हे सारे धडे त्या जोडणीत आहेत. त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

तारेपासून प्रवाहापर्यंत

मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले, की त्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. इलेक्ट्रिक गिटारचे 'पिकअप' याच तत्त्वावर चालते. चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे असतात. चुंबकामुळे वरची पोलादी तारही किंचित चुंबकित होते. ती छेडली, की वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र तिच्या कंपनाबरोबर बदलते आणि त्याच वारंवारतेचा क्षीण प्रवाह मिळतो. तो अॅम्प्लिफायरने मोठा करायचा. म्हणूनच नायलॉनच्या तारा लावल्या तर हे पिकअप मुके राहते.

अमेरिकेत जॉर्ज बोशाँ यांनी १९३१-३२ च्या सुमारास असे पिकअप असलेली, तव्याच्या आकाराची अॅल्युमिनियमची गिटार तयार केली. पेटंटसाठी त्यांनी १९३४ साली अर्ज केला. ते मिळायला १९३७ साल उजाडले. हे वाद्य खरोखर चालते का, अशी शंका पेटंट कार्यालयाने घेतली आणि वादकांना तिथे नेऊन ते वाजवून दाखवावे लागले, असे सांगतात.

गुणगुण कशी थांबली?

वेटोळ्याला एक खोड होती. बदलते क्षेत्र तारेमुळे आले, की खोलीतल्या विजेच्या तारांमुळे, हे त्याला कळत नाही. त्यामुळे विजेच्या प्रत्यावर्ती प्रवाहाची गुणगुणही (अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५० हर्ट्झ) संगीतात मिसळे.

गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ साली यावर तोडगा काढला. त्यांनी एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवली. दुसऱ्या वेटोळ्याची जोडणी उलटी केली आणि त्याच्या चुंबकाचा ध्रुवही उलटा ठेवला. आता चिन्हांचा साधा हिशेब करून पाहा. तारेचा संकेत चुंबक आणि जोडणी या दोहोंवर अवलंबून असतो. दोन्ही उलटे, म्हणजे उणे गुणिले उणे बरोबर अधिक. म्हणून तारेचे संकेत एकमेकांत मिळवले जातात. बाहेरून येणाऱ्या गुणगुणीचा मात्र पिकअपच्या चुंबकाशी संबंध नाही. तिच्यासाठी फक्त जोडणी उलटी, म्हणून दोन वेटोळ्यांतली गुणगुण एकमेकीला खोडून काढते.

पण प्रत्येक सोयीची किंमत असते. दोन वेटोळी एकसर जोडली, की त्यांचे प्रवर्तकत्व वाढते आणि वरच्या वारंवारता दबतात. आवाज भरदार पण काहीसा मंद होतो. तीच वेटोळी समांतर जोडली तर प्रवर्तकत्व घटते आणि आवाज उजळ, पण कमी जोराचा होतो. पुढे अनेक हौशी वादकांनी एक छोटे बटण लावून दोन्हींपैकी एकच वेटोळे चालू ठेवण्याची सोय करून घेतली. आवाजातला टोकदारपणा परत आला आणि त्याच्यामागोमाग गुणगुणही परत आली!

पिकअपची जागा आणि वादकांची युक्ती

गिटारवर दोन-तीन पिकअप का लावतात? सतार वाजवणाऱ्यांना ठाऊक असते, की घोडीच्या अगदी जवळ छेडले तर आवाज धारदार येतो. पिकअपचेही काहीसे तसेच आहे. घोडीजवळ तारेच्या मूलस्वराचा विस्तार लहान असतो, त्यामुळे वरचे संनादी तुलनेने ठळक होतात. दांडीकडच्या पिकअपला मूलस्वर भरपूर मिळतो. मात्र ज्या संनादीचा निस्पंद बिंदू नेमका त्या पिकअपवर येतो, तो संनादी त्याला ऐकूच येत नाही.

कॅलिफोर्नियातील रेडिओ दुरुस्त करणारे लिओ फेंडर यांनी १९५४ साली 'स्ट्रॅटोकास्टर' बाजारात आणली. तिच्यात तीन पिकअप आणि तीन खाचांची कळ होती. एका वेळी एकच पिकअप वापरायचे, अशी योजना होती. वादकांना मात्र आढळले, की कळ दोन खाचांच्या मध्येच अडकवली, तर शेजारची दोन पिकअप एकदम चालू होतात आणि एक वेगळाच, नाकातून आल्यासारखा आवाज मिळतो. पुढे १९७७ साली कंपनीने स्वतःच पाच खाचांची कळ बसवली. वापरणाऱ्यांनी शोधलेली युक्ती बनवणाऱ्यांनी मान्य करायला तेवीस वर्षे लागली.

या आवाजाला पुष्कळ जण 'उलट कलेचा' आवाज म्हणतात. ते चूक आहे. इथे दोन्ही पिकअप एकाच कलेत, समांतर जोडलेली असतात. खरी उलट कला अगदी निराळी ऐकू येते. दोन पिकअपपैकी एकाच्या जोडणीची टोके अदलाबदल केली, की मूलस्वर आणि खालचे संनादी बरेचसे खोडले जातात, कारण दोन्ही पिकअपपाशी तार त्या वेळी एकाच दिशेने हलत असते. वरच्या संनादींमध्ये तार एका जागी वर, तर दुसऱ्या जागी खाली असू शकते. त्यामुळे ते टिकतात. परिणामी आवाज पातळ आणि पोकळ होतो.

ब्रिटिश वादक पीटर ग्रीन यांच्या १९५९ सालच्या गिब्सन गिटारचा आवाज असाच होता. तिचे एक पिकअप उलटे फिरवून बसवले म्हणून असे झाले, अशी समजूत पसरली. विद्यार्थ्यांना विचारून पाहा, हे शक्य आहे का? पिकअप आहे त्या जागी अर्धा फेरा फिरवले तरी तारेसमोरचा ध्रुव बदलत नाही आणि वेढ्यांची दिशाही बदलत नाही. खरे कारण आत दडलेले होते. त्या पिकअपमधले चुंबकच उलटे होते.

मे पितापुत्रांची जोडणी

आता पुन्हा रेड स्पेशलकडे वळू. ब्रायनने आधी पिकअपही घरीच बनवली होती. पण तार बोटाने आडवी ओढली, की त्यातून नको तो आवाज येई. म्हणून त्याने शेवटी बर्न्स कंपनीची तीन पिकअप विकत आणली. जोडणी मात्र स्वतःची ठेवली. तिन्ही पिकअप एकसर जोडली आणि प्रत्येकाला दोन सरकती बटणे दिली : एक चालू-बंद करण्यासाठी, दुसरे कला उलटवण्यासाठी.

इथे एक बारकावा आहे. एकसर जोडणीत एखादे पिकअप बंद करताना परिपथ तोडला, तर सारेच बंद पडेल. म्हणून 'बंद'चे बटण त्या पिकअपला वळसा घालणारी वाट मोकळी करते. कला उलटवणारे बटण म्हणजे प्रयोगशाळेत प्रवाहाची दिशा पलटवण्यासाठी वापरतो तो कॉम्युटेटरच.

सहा बटणांतून किती आवाज मिळतात? प्रत्येक पिकअपच्या तीन अवस्था : बंद, सुलट, उलट. तीन गुणिले तीन गुणिले तीन म्हणजे २७. सारे बंद ही अवस्था वगळली, की २६. पण सगळ्यांची चिन्हे एकदम उलटवली तर कानाला फरक कळत नाही. म्हणून निम्मे, म्हणजे १३.

वर्गात करून पाहण्यासाठी

गिटार नसली तरी चालेल. दोन सारखी वेटोळी एकसर जोडून मध्ये शून्य असलेल्या गॅल्व्हानोमीटरला लावा. दोन सारखे पट्टीचुंबक, उत्तर ध्रुव पुढे करून, दोन्ही वेटोळ्यांत एकाच वेगाने एकदम आत न्या. मग एका वेटोळ्याची टोके अदलाबदल करून तेच करा. काटा जवळजवळ हलणार नाही. आता त्याच वेटोळ्यातल्या चुंबकाचा ध्रुवही उलटवा. पुढे काय होईल, ते आधी विद्यार्थ्यांना सांगू द्या आणि नंतरच करून दाखवा.

ब्रायन मे पुढे लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात भौतिकी शिकले. ग्रहांमधल्या धुळीवर त्यांचे संशोधन चालू होते. पण १९७० साली स्थापन झालेल्या 'क्वीन' या वाद्यवृंदासाठी त्यांनी ते अर्धवट सोडले. त्यांचा सहकारी गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. ज्या वडिलांनी मुलाच्या हाती करवत दिली होती, त्यांनाच मुलाने शिक्षण सोडणे पटले नाही. १९७७ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या सभागृहात मुलाचा कार्यक्रम पाहिल्यावर त्यांची नाराजी निवळली. हॅरल्ड मे १९८८ साली वारले. ब्रायन यांनी प्रबंध पुरा केला तो २००७ साली. पदवी पाहायला वडील नव्हते. दोघांनी मिळून जोडलेली गिटार मात्र तेव्हाही वाजत होती.

मुलाच्या हाती पेचकस द्यायचा की पुस्तक, हा वाद या घरातही झालाच. त्या गिटारच्या पोटात पाहिले, तर दोन्ही एकाच परिपथात एकसर जोडलेली दिसतात.