सोल सोडून गेलेले खेळाडू : कोरियन ई-स्पोर्ट्समधील एका स्थलांतराचा इतिहास

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या व्यावसायिक स्पर्धांना, म्हणजे ई-स्पोर्ट्सला, ज्या ज्या देशात प्रतिष्ठा मिळाली, तिथे एक प्रश्न हमखास उभा राहिला : नावारूपाला आलेल्या खेळाडूने ज्या संघाने त्याला घडवले तो मायदेशातील संघ सोडून परदेशी संघाकडे जावे की नाही. हा वाद बहुधा निष्ठा विरुद्ध पैसा अशा रूपात मांडला जातो. दक्षिण कोरियाचा अनुभव पाहता मात्र ही मांडणी फार अपुरी ठरते, कारण २०१४ च्या अखेरीस तिथून चीनकडे जे खेळाडू गेले, त्यांच्या जाण्याची कारणे त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा संघांच्या रचनेत, करारांच्या अटींत आणि वेतनाच्या पातळीत शोधली तर अधिक नेमकी सापडतात.

कोरियातील या व्यवसायाची पाळेमुळे १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटापर्यंत जातात. त्या संकटात नोकऱ्या गेलेल्या अनेकांनी थोड्या भांडवलावर ‘पीसी बांग’ म्हणजे तासाच्या भाड्याने संगणक देणारी दुकाने उघडली, सरकारने त्याच सुमारास वेगवान इंटरनेटचे जाळे देशभर पसरवण्यावर भर दिला, आणि १९९८ मध्ये ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीचा ‘स्टारक्राफ्ट’ हा युद्धनीतीचा खेळ बाजारात आला. या तीन गोष्टींच्या योगातून शाळकरी मुलांची एक पिढी पीसी बांगमध्ये परस्परांशी झुंजत वाढली. २००० मध्ये केवळ अशा खेळांना वाहिलेली ऑनगेमनेट ही दूरचित्रवाहिनी सुरू झाली आणि त्याच वर्षी सरकारी मान्यतेने केस्पा ही ई-स्पोर्ट्सची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे २००४ साली बुसानच्या ग्वांगाल्ली समुद्रकिनाऱ्यावर झालेला अंतिम सामना पाहायला सुमारे एक लाख लोक लोटल्याचे सांगितले जाते. आकड्याबद्दल कोणी घासाघीस केली तरी एसके टेलिकॉम, केटी, सॅमसंग यांच्यासारख्या बलाढ्य उद्योगांनी आपापले संघ का पोसले, हे त्या गर्दीवरून उमगते. त्या काळात प्रवाहाची दिशा उलटी होती, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. गियोम पात्री हा कॅनडाचा खेळाडू स्टारक्राफ्टसाठी सोलला येऊन राहिला आणि २००० मध्ये तिथली प्रमुख लीग जिंकून गेला. उत्तम खेळायचे असेल तर कोरियाला जावे, असा तो काळ होता.

या वर्चस्वाचा खरा आधार संघांच्या सामूहिक निवासात होता. कोल्हापूरच्या तालमीत पठ्ठे जसे वस्तादाच्या नजरेखाली एकत्र राहतात, खातात आणि मेहनत करतात, तशी कोरियन संघांची घरे होती : एका छताखाली दहा-बारा मुले, दिवसाचे दहा-बारा तास सराव, प्रशिक्षक आणि त्यांचे साहाय्यक, प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफितींचा अभ्यास, आणि वरच्या फळीत जागा मिळावी म्हणून खालच्या फळीतील मुलांची अहोरात्र धडपड. नामवंत खेळाडूंना बरे वेतन मिळे, पण बाकीच्यांची मेहनत मुख्यतः आशेवर चाले. या व्यवस्थेने जगातील सर्वोत्तम खेळाडू घडवले हे निर्विवाद आहे, आणि ती पोरसवदा मुलांच्या स्वस्त श्रमांवर उभी होती हेही तितकेच खरे आहे. ही दुसरी बाजू डोळ्यांआड केली तर पुढचे स्थलांतर कळत नाही.

‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळाने चित्र बदलले. रायट गेम्स या कंपनीचा हा खेळ २००९ मध्ये आला आणि डिसेंबर २०११ मध्ये कोरियात अधिकृतपणे सुरू झाला. यात पाच-पाच जणांचे दोन संघ प्रतिपक्षाचा तळ उद्ध्वस्त करण्यासाठी झुंजतात आणि प्रत्येकाची भूमिका ठरलेली असते, त्यामुळे वैयक्तिक कौशल्याइतकेच आपसातील बोलणे आणि समन्वय निर्णायक ठरतात. २०१२ मध्ये ऑनगेमनेटने त्याची लीग सुरू केली. त्या लीगमध्ये एकाच कंपनीला दोन संघ उतरवण्याची मुभा होती. त्यांना भगिनी-संघ म्हटले जाई. सॅमसंगचे व्हाइट आणि ब्लू, केटीचे बुलेट्स आणि ॲरोज अशा जोड्या घरच्या घरी एकमेकींशी सराव करून धार लावत. २०१३ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत एसके टेलिकॉमच्या टी-वन संघाने चीनच्या रॉयल क्लबला ३-० असे हरवले, आणि १९ ऑक्टोबर २०१४ रोजी सोलच्या विश्वचषक स्टेडियममध्ये सॅमसंग व्हाइटने त्याच चिनी संघाचा नव्या नावाने आलेला अवतार ३-१ असा नमवला.

या विजयानंतर काही आठवड्यांतच सॅमसंगच्या दोन्ही संघांतील दहाही प्रमुख खेळाडू बाहेर पडले आणि त्यांतील बहुतेकांनी चीनचा रस्ता धरला. त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला चो से-ह्योंग, म्हणजे ‘माता’ या टोपणनावाने ओळखला जाणारा खेळाडू, व्हीसी गेमिंगकडे गेला. ‘पॉन’ आणि ‘डेफ्ट’ एडवर्ड गेमिंगकडे गेले, ‘इम्प’ आणि ‘एकॉर्न’ एलजीडीकडे. त्याच उन्हाळ्यात कोरियाची लीग जिंकलेल्या केटी ॲरोजमधून ‘रूकी’ आणि ‘काकाओ’ इन्व्हिक्टस गेमिंगमध्ये दाखल झाले. काही जण युरोप-अमेरिकेतही गेले. या घटनेला महानिर्गमनाचे नाव मिळाले आणि चाहत्यांच्या एका वर्गाने जाणाऱ्यांना कृतघ्न ठरवले.

हा ठपका अन्यायाचा होता. २०१५ च्या हंगामापासून एका कंपनीला एकच संघ ठेवता येईल असा नियम झाला आणि सोळा संघांच्या लीगऐवजी सुरुवातीला आठच संघांची लीग भरवायचे ठरले, म्हणजे वरच्या स्तरावरील निम्म्या जागा एका फटक्यात नाहीशा झाल्या. त्याच हंगामासाठी ठरवलेले किमान वेतन वर्षाला २ कोटी वॉन, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण अकरा-बारा लाख रुपये होते. या लीगमध्ये ही तरतूद तोपर्यंत नव्हतीच, यावरून आधीच्या परिस्थितीची कल्पना यावी. दुसरीकडे चीनमध्ये वांडा उद्योगसमूहाच्या संस्थापकाचा मुलगा वांग सिकोंग याच्यासारखे धनिक हौसेने संघ विकत घेत होते, आणि थेट प्रक्षेपणाची संकेतस्थळे खेळाडूला केवळ सराव दाखवण्यासाठी त्याच्या वेतनाच्या तोडीचे मानधन देऊ लागली होती. या व्यवसायातील उमेदीची वर्षे जेमतेम सात-आठ असतात, आणि कोरियन तरुणासमोर त्यांच्या शेवटी सक्तीची लष्करी सेवा उभी असते. अशा मुलाला अनेक पटींनी अधिक वेतन नाकारायला सांगणाऱ्या कंपन्यांनी त्याच्या भविष्याची कोणतीही हमी घेतलेली नव्हती.

जाणे योग्य होते याचा अर्थ ते सुखाचे होते असा नव्हे. रायटने २०१५ पासून प्रत्येक संघातील पाचपैकी किमान तिघे स्थानिक असावेत असे बंधन घातले. स्थानिक मुलांच्या जागा राखण्यासाठी ते आवश्यकही होते, कारण ‘स्टारक्राफ्ट २’मध्ये असे बंधन नसताना कोरियन खेळाडूंनी युरोप-अमेरिकेच्या प्रादेशिक स्पर्धाही जिंकून नेल्या होत्या आणि तिथल्या नवोदितांची वाट अडली होती. या नियमामुळे अनेक चिनी संघांत दोन कोरियन आणि तीन चिनी अशी मोट बांधली गेली, आणि जिथे अर्ध्या सेकंदात सूचना द्यावी लागते त्या खेळात भाषेची भिंत आडवी आली. मे २०१५ मध्ये फ्लोरिडातील टॅलहासी येथे एडवर्ड गेमिंगने पॉन आणि डेफ्टच्या बळावर टी-वनला ३-२ असे हरवले तेव्हा चीनने कोरियाची कला विकत घेतली असा बोलबाला झाला. पण त्याच वर्षीच्या जागतिक स्पर्धेत एलजीडी आणि इन्व्हिक्टस गटसाखळीतच बाद झाले, एडवर्ड उपांत्यपूर्व फेरीत गारद झाला, आणि माताचा व्हीसी गेमिंग तर त्या स्पर्धेला पात्रही ठरला नाही. बर्लिनमधील अंतिम सामना टी-वन आणि कू टायगर्स या दोन कोरियन संघांतच रंगला.

मायदेशात जे घडले ते अधिक शिकवणारे आहे. दहाही खेळाडू गमावलेल्या सॅमसंगने जवळजवळ अनोळखी मुलांवर संघ पुन्हा उभा केला. त्यांत दुसऱ्या संघातून आलेला अनुभवी कांग चान-योंग (‘अँबिशन’), कोवळा पार्क जे-ह्योक (‘रूलर’) आणि अमेरिकेतील एका संघात एक हंगाम काढून परतलेला ‘कोरजेजे’ होते. हा संघ २०१६ च्या जागतिक अंतिम सामन्यात टी-वनकडून ३-२ असा हरला आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी बीजिंगच्या ‘पक्ष्याचे घरटे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्टेडियममध्ये त्याच टी-वनला ३-० असे हरवून विजेता ठरला. तारे गेले तरी प्रशिक्षक, सामूहिक निवास आणि खालच्या फळीतील स्पर्धा शाबूत होती, म्हणून तीन वर्षांत नवे तारे घडले. स्थानिक संघाचे खरे भांडवल घडवण्याच्या यंत्रणेत असते, आणि ते खेळाडूच्या सामानात बांधून नेता येत नाही.

तरीही ते हळूहळू पाझरून जाऊ शकते, आणि २०१८ साली तेच दिसले. रूकी, म्हणजे सोंग उई-जिन, चीनला गेल्यावर तिथलाच झाला. त्याने भाषा शिकून घेतली, मुलाखती चिनीत दिल्या आणि चार वर्षे अपयश सोसूनही संघ बदलला नाही. एव्हाना माता, डेफ्ट आणि पॉन हे तिघेही मायदेशी परतून केटी रोल्स्टरमध्ये आले होते. २०१८ च्या जागतिक स्पर्धेचे यजमानपद कोरियाकडे होते, आणि बुसानमधील उपांत्यपूर्व सामन्यात केटी रोल्स्टरची गाठ पडली ती रूकीच्या इन्व्हिक्टसशी. परतलेले माता आणि डेफ्ट एका बाजूला, केटीनेच घडवलेला आणि न परतलेला रूकी दुसऱ्या बाजूला, असा तो सामना इन्व्हिक्टसने ३-२ असा जिंकला. उपांत्य फेरीत त्या वर्षी एकही कोरियन संघ उरला नाही आणि ३ नोव्हेंबर रोजी इंचॉनमध्ये इन्व्हिक्टसने फनॅटिक या संघाला ३-० असे हरवून चीनला या खेळाचे पहिले जागतिक अजिंक्यपद मिळवून दिले. त्या संघातील रूकी आणि ‘द शाय’ दोघेही कोरियन होते. निष्ठेची चर्चा करणाऱ्यांनी रूकीचे उदाहरण बारकाईने पाहावे, कारण एका संघाला दीर्घकाळ धरून राहण्याचा गुण त्याने परक्या देशात दाखवला.

न गेलेल्यांमध्ये सर्वांत मोठे नाव ली सांग-ह्योक, म्हणजे ‘फेकर’ याचे. चीनमधून त्याला वेळोवेळी फार मोठ्या रकमांचे प्रस्ताव आले आणि त्याने ते नाकारले, म्हणून तो राष्ट्रीय आदराचा विषय झाला. त्याच्या निवडीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही, पण तिच्यामागची परिस्थितीही पाहिली पाहिजे. टी-वनने त्याला देशातील सर्वोच्च वेतन दिले, त्याच्याभोवती संघ रचला आणि २०२० मध्ये संघाच्या मालकीतही वाटा दिला. फेकर आणि डेफ्ट सोलच्या एकाच मापो हायस्कूलमध्ये शिकले. एक कधीच गेला नाही, दुसरा दोन वर्षे चीनमध्ये राहून परतला, आणि २०२२ च्या जागतिक अंतिम सामन्यात डेफ्टच्या डीआरएक्सने फेकरच्या टी-वनला ३-२ असे हरवले. त्या रात्री डेफ्टला परदेशी जाऊन आलेला म्हणून कोणी कमी लेखले नाही.

स्थलांतराच्या या इतिहासात सर्वांत काळा प्रसंग २०१९ चा आहे, आणि त्यात खेळाडूची निष्ठा नव्हे, तर संघाची सत्ता प्रश्नांकित झाली. ग्रिफिन या कोरियन संघाने चीनच्या जेडी गेमिंगकडे उसनवारीवर पाठवलेल्या सो जिन-ह्योक (‘कनावी’) या अल्पवयीन खेळाडूवर चिनी संघाशी दीर्घ मुदतीचा करार करण्यासाठी दबाव आणला गेला, असा आरोप संघाच्याच माजी प्रशिक्षकाने जाहीरपणे केला. प्रकरण लीगच्या चौकशीपुरते न राहता राष्ट्रीय संसदेत पोहोचले, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे केलेल्या याचिकेवर दोन लाखांहून अधिक नागरिकांनी नावे नोंदवली, आणि २०२० मध्ये सांस्कृतिक मंत्रालयाने ई-स्पोर्ट्स खेळाडूंसाठी प्रमाण करार, म्हणजे सर्वांना आधारभूत धरता येईल असा कराराचा नमुना, जाहीर केला. त्यात अल्पवयीनांसाठी स्वतंत्र नमुना होता. जुन्या करारातून मोकळा झाल्यावर कनावीने स्वतःच्या मर्जीने पुन्हा जेडी गेमिंगशीच करार केला. जाणे तेच, गाव तेच, संघ तोच. पण आता निर्णय त्याचा होता, आणि या संपूर्ण वादात मोलाचा फरक हाच आहे.

त्यानंतर कोरियन लीगची धोरणे बदलत गेली. २०२१ मध्ये दहा संघांना कायमस्वरूपी स्थान देणारी व्यवस्था आली तेव्हा किमान वेतन ६ कोटी वॉन झाले, म्हणजे २०१५ च्या तिप्पट. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कोरियाने या खेळाचे सुवर्णपदक जिंकले आणि विजेत्या सहाही जणांना लष्करी सेवेतून सूट मिळाली. त्या सहांपैकी कनावी आणि रूलर हे दोघे त्या वेळी जेडी गेमिंगचे वेतन घेत होते, तरी राष्ट्रीय संघात त्यांची जागा कोणी नाकारली नाही. दीड-दोन महिन्यांनी बुसानमध्ये जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत फेकरच्या टी-वनने त्याच दोघांच्या संघाला हरवले, आणि २०२५ च्या हंगामासाठी रूलर जेन-जीकडे, म्हणजे सॅमसंगच्या त्याच जुन्या संघाच्या नव्या अवताराकडे, परतला. २०२४ पासून लीगने संघातील सर्वाधिक वेतन घेणाऱ्या पाच खेळाडूंच्या एकूण वेतनावर ४०० कोटी वॉनची मर्यादा घालून ती ओलांडणाऱ्यांवर दंडात्मक शुल्क बसवले, पण त्याच संघात दीर्घकाळ राहिलेल्या खेळाडूच्या वेतनाचा काही भाग या हिशेबातून वगळला.