केरिसचे म्यान



जावा बेटात लावू डोंगराच्या उतारावर सुकुह नावाचे 15व्या शतकातले देऊळ आहे. तिथे एका दगडावर लोहारशाळा कोरली आहे. पाते घडवणारा भीम, भाता चालवणारा अर्जुन आणि मध्ये नाचणारा गणपती, असा त्या शिल्पाचा अर्थ अभ्यासक लावतात. या लोहारशाळेत घडते ती केरिस, म्हणजे जावातली कट्यार.

केरिसचे पाते कधी सरळ, तर कधी नागमोडी असते. लोखंडाच्या थरांत निकेलयुक्त लोखंड मिसळून ते घडवतात. मग लिंबाचा रस आणि सोमल लावला की लोखंड काळे पडते आणि रुपेरी नक्षी उठून दिसते. तिला म्हणतात ‘पामोर’. पाहणारा तिथेच गुंगतो, आणि लाकडी म्यानाकडे कुणी बघतसुद्धा नाही!

पण म्यान म्हणजे नुसती खोळ नव्हे, बरं का. समारंभाला होडीच्या आकाराचे ‘लाद्रांग’, तर रोजच्या वापराला साधे ‘गायामान’. म्यानाच्या घडणीवरून जाणकार माणूस सांगतो, ही सुराकार्ताची, ही योग्याकार्ताची, ती बालीची. भक्त आणि देव एकरूप होतात, त्यालाही जावात पाते आणि म्यान यांचीच उपमा देतात. म्यान गेले की कट्यारीचे गाव हरवले, असे समजा.

ओळख हरवली की काय होते, ते पाहा. 1825 ते 1830 या काळात राजपुत्र दिपोनेगोरो डचांशी लढला. त्याची केरिस हॉलंडला गेली, आणि पुढे संग्रहातल्या अनेक केरिसांत ती नेमकी कोणती, हेच कळेना. जुनी पत्रे आणि टिपणे ताडून ती ओळखावी लागली. शेवटी 2020 साली ती इंडोनेशियाला परत मिळाली.

म्हणून म्यान जपायचे. ते उन्हात ठेवू नये, पाण्याने धुऊ नये. कोरड्या मऊ फडक्याने पुसावे. पात्याला तेल लावले, तर जादा तेल टिपून मगच ते म्यानात घालावे. नाहीतर लाकूड तेल पिते आणि त्यात धूळ बसते. तिमोहो लाकडावर काळे डाग असतात. ते कुजल्याचे नव्हेत. जावात त्या डागांनाच किंमत आहे. पॉलिशपेपरने घासाल, तर शोभाच जाईल! चीर पडली तरी म्यान टाकू नये. चिठ्ठी बांधून पात्याजवळच ठेवावे.

गुरुजी, आपल्या गावातही जुनी शस्त्रे असतात. मुलांना ती दाखवाल, तेव्हा मूठ, म्यान आणि पट्टाही दाखवा. वस्तू कुणाची, कुठली, कुणी दिली, हे वहीत लिहून घ्या. लोखंड टिकेल हो. पण त्याची हकिकत आपण टिकवली तरच टिकेल.