शेअर्ड फोल्डरचं कुंपण गेस्ट कसं ओलांडतो?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. आतला ‘गेस्ट’, बाहेरचा ‘होस्ट’. गेस्टला दिसणारी डिस्क किंवा नेटवर्क कार्ड क्यूएमूसारखं सॉफ्टवेअर भासवत असतं.

होस्टवरचं एखादं फोल्डर गेस्टलाही वापरता यावं, यासाठी क्यूएमूमध्ये ‘व्हर्टएफएस’ ही सोय आहे. नियम एकच: गेस्टने त्या फोल्डरबाहेर जायचं नाही.

क्यूएमूच्या २.९ पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये हा नियम मोडता येत होता. कारण होतं सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल. गेस्टने वाटेतल्या फोल्डरच्या जागी अशी लिंक ठेवली, की क्यूएमू तिच्यामागे होस्टच्या इतर फाइल्सपर्यंत जायचं. एकाच होस्टवर अनेकांची मशीन्स असतील, तर धोका सगळ्यांनाच. या त्रुटीची नोंद सीव्हीई-२०१६-९६०२ अशी आहे.

दुरुस्तीनंतर क्यूएमू मार्गातलं एकेक फोल्डर क्रमाने उघडतं आणि लिंक आढळली तर पुढे जात नाही.

तरीही खबरदारी हवीच. क्यूएमू रूट म्हणून चालवू नये, गरजेपुरतंच फोल्डर शेअर करावं आणि गेस्टला फक्त वाचायचं असेल, तर लिहिण्याची परवानगी देऊ नये.