आंत्रविषे

जिवाणूंनी तयार केलेली, आतड्याच्या अस्तरपेशींवर परिणाम करून जुलाब किंवा आव घडवणारी विषे. पावसाळ्यात वसमत-हिंगोलीकडून ‘गॅस्ट्रोची साथ’ अशी बातमी येते तेव्हा तिच्यामागे अनेकदा यांपैकी एखादे विष असते. ही विषे पेशी नष्ट करतात असा सर्वसाधारण समज आहे. पण त्यांतले सर्वांत कुप्रसिद्ध, पटकीचे विष, पेशीला मारत नाही, राबवून घेते.

पटकीचा जिवाणू विष सोडत असावा, असा तर्क रॉबर्ट कॉखने 1884 मध्येच मांडला होता. पण ते शोधणारे बहुतेक जण जनावरांच्या रक्तात किंवा कातडीखाली टोचून पाहत राहिले. आतड्याकडे लक्ष कमीच गेले. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा भाग दोन्हीकडून बांधला आणि जिवाणू गाळून काढलेला द्रव त्यात सोडला. तो भाग पाण्याने टरारून फुगला. 1959 मध्ये हा प्रयोग ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी परळच्या हाफकिन संस्थेतील एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी पटकीच्या जिवाणूंच्या निर्जंतुक अर्काने सशाच्या पिलांना पटकीसारखे जुलाब होतात हे दाखवले. डे यांचे नाव मोठे झाले ते योग्यच. पण मुंबईचे हे काम निदान मराठी कोशात तरी सुटू नये.

या विषाचे दोन भाग असतात. पाच उपघटकांचे कडे पेशीच्या पृष्ठभागावरील ‘जीएम-1’ या रेणूला चिकटते. दुसरा भाग आत शिरून एका नियंत्रक प्रथिनाची कळ चालू स्थितीत अडकवून ठेवतो. पेशीत चक्रीय एएमपी वाढते, क्लोराइड बाहेर पडू लागते, मिठाचे नेहमीचे शोषण मंदावते आणि पाणी मिठामागे जाते. पेजेसारखे पांढुरके जुलाब सुरू होतात. तीव्र रोगात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. ई. कोलायच्या काही जातींचे उष्णतेने नष्ट होणारे विष जवळजवळ असेच वागते.

शिगेलाच्या एका जातीचे विष मात्र खरोखरच घातक असते. ते पेशीतील प्रथिननिर्मिती बंद पाडते, अस्तर झडते, रक्त-आव पडते. मूत्रपिंडालाही धोका असतो. प्रतिजैविकांच्या दीर्घ वापरानंतर बळावणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलची विषे पेशीचा आतला सांगाडा मोडतात आणि शेजारच्या पेशींमधले सांधे उसवतात.

गावच्या विहिरीत जलसुरक्षक टीसीएल ही क्लोरीनयुक्त पावडर टाकतो, नळाच्या पाण्यात ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाचे थेंब टाकून क्लोरीन असल्याचा पिवळा रंग येतो का ते पाहतो. हा उपाय जिवाणूंवरचा. पंगतीच्या अन्नात स्टॅफिलोकॉकसचे विष आधीच तयार झालेले असेल, तर पाणी कितीही शुद्ध असून उपयोग नाही. अन्न पुन्हा उकळूनही ते टिकते आणि काही तासांतच उलट्या सुरू होतात.

पटकीत अस्तर शाबूत राहते, म्हणूनच जलसंजीवनी लागू पडते. ग्लुकोजसोबत सोडियम आत घेणारी वाट विषाला बंद करता येत नाही. 2002 पासूनच्या प्रमाणित ओआरएसमध्ये लिटरला सोडियम आणि ग्लुकोज प्रत्येकी 75 मिलिमोल असतात. पुडी हाताशी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लहान मुलांना सोबत जस्ताच्या गोळ्या देतात. जुलाबात रक्त असेल तर दवाखाना गाठावा. संडास बांधणाऱ्या गोळ्या अशा वेळी देत नाहीत, कारण विष आतड्यात अडकून राहते.