उकळत्या झऱ्यातला जिवाणू आणि कोरोनाची चाचणी: नेमकं नातं काय?

कोरोनाकाळातली आरटी-पीसीआर चाचणी आठवते? तिचा एक धागा थेट अमेरिकेतल्या गरम पाण्याच्या झऱ्यापर्यंत जातो.

1966 मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना यलोस्टोन नॅशनल पार्कमधल्या झऱ्यात 'थर्मस अ‍ॅक्वाटिकस' हा जिवाणू सापडला. तो सुमारे 70 अंश सेल्सिअस तापमानात सर्वांत जोमाने वाढतो. अशा टोकाच्या परिस्थितीत जगणाऱ्या सूक्ष्मजीवांना 'एक्स्ट्रीमोफाइल' म्हणतात.

तो शिजत कसा नाही?

अंडं उकडलं की पांढरा बलक घट्ट होतो, कारण उष्णतेने त्यातल्या प्रथिनांची घडी मोडते. या जिवाणूच्या प्रथिनांची घडी आतून जास्त पक्की बांधलेली असते. त्यामुळे त्याची एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, उष्णतेतही काम करतात.

त्याचा उपयोग काय झाला?

कॅरी म्युलिस यांना 1983 मध्ये पीसीआरची कल्पना सुचली. यात डीएनएच्या असंख्य प्रती काढतात. त्यासाठी नमुना पुन्हा पुन्हा सुमारे 95 अंशांपर्यंत तापवावा लागतो. आधी वापरलं जाणारं एन्झाइम दर वेळी निकामी व्हायचं आणि नव्याने घालावं लागायचं. थर्मसचं 'टॅक पॉलिमरेज' मात्र टिकलं आणि पीसीआर यंत्रावर आपोआप होऊ लागली. म्युलिस यांना 1993 मध्ये नोबेल मिळालं.

कपड्यांच्या पावडरीतही असंच घडतं. साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात टिकून डाग काढणारी एन्झाइम्स बॅसिलस गटातल्या जिवाणूंपासून मिळतात.

पैसा कुणाला मिळाला?

1991 मध्ये रोश कंपनीने पीसीआरचे हक्क 30 कोटी डॉलर्सना घेतले. यलोस्टोनला त्यातलं काहीच मिळालं नाही. पुढे 1998 च्या कायद्याने अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांना अशा संशोधनाच्या लाभात वाटा मागण्याची मुभा दिली.

आपल्याकडे काय?

बुलडाण्याचं लोणार सरोवर खारट आणि अल्कधर्मी आहे. जून 2020 मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं. त्यामागे मीठ मानवणारे 'हॅलोआर्किया' सूक्ष्मजीव असल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं.

भारताच्या 2002 च्या जैवविविधता कायद्यात सूक्ष्मजीवही येतात. परदेशी कंपनीला ते संशोधनासाठी किंवा व्यवसायासाठी हवे असतील, तर आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यामुळे लोणारच्या पाण्यातून उद्या एखादं मौल्यवान एन्झाइम मिळालंच, तर लाभातला वाटा मागायला कायद्याचा आधार आहे. यलोस्टोनकडे 1966 मध्ये तो नव्हता.