धीर कुणाच्या भांडवलावर?

नवीन दुकान टाकणाऱ्याला आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो धीर धरण्याचा. गिऱ्हाईक एका दिवसात बांधलं जात नाही, सुरुवातीला गल्ल्याकडे बघायचं नाही, रोज वेळेवर फळी उघडून बसायचं. सल्ला चुकीचा नाही. मात्र त्यात धीर हा माणसाच्या स्वभावाचा गुण धरलेला असतो. ज्याच्या अंगी तो असेल तो टिकतो, नसेल तो बुडतो. कोल्हापूरच्या बाजाराचा सव्वाशे वर्षांचा इतिहास मला वेगळं सांगतो. धीराला रोजचा खर्च आहे. गिऱ्हाईक येईपर्यंत जागेचं भाडं भरायचं, घरी शिधा न्यायचा आणि पडून राहिलेल्या मालात अडकलेला पैसा सोसायचा. हा भार उचलणारं कुणी असेल तर दुकानदार धीराचा ठरतो, नसेल तर लोक त्याला उतावळा म्हणतात.

शाहूपुरीचं उदाहरण घ्या. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. त्याआधी इथला माल बैलगाड्यांनी घाट उतरून कोकणातल्या बंदरांकडे जाई. १८९४ साली शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार आला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्टेशनाजवळ शाहूपुरीची पेठ वसवली, मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी. आज गूळ आणि कोल्हापूर ही जोडी इतकी अंगवळणी पडली आहे की ही पेठ आपोआप भरभराटली असं वाटतं. पण पेठेची आखणी झाली म्हणजे सौदे सुरू होत नाहीत. ऊस शेतात वर्षभर उभा राहतो. गुऱ्हाळ हंगामातच चालतं. काहिलीत रस उकळायला लागला की रानभेंडीचा चीक घालून मळी वर आणायची, ती काढून टाकायची, आणि पाक नेमका कधी उतरवायचा ते गुळव्यानं नजरेनं ठरवायचं. क्षणभर उशीर झाला की गुळाचा रंग गेला आणि भावही गेला. अडत्यानं शेतकऱ्याला हंगामाआधी उचल द्यायची, माल आल्यावर तो विकायचा आणि वसुलीसाठी पुन्हा थांबायचं. नव्या पेठेत अशी जोखीम कोण घेणार? म्हणून संस्थानानं व्यापाऱ्यांना जागा आणि सवलती देऊन बोलावलं. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांना नात्यागोत्यातून आणि जातभाईंकडून पैसा उभा करता येई, तोही आधार होता. शाहूपुरीच्या पेढ्यांचा धीर खरा होता, पण त्याची किंमत दरबार आणि भाऊबंद वाटून घेत होते.

हीच गोष्ट अधिक उघडपणे दिसते ती गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानात. कांबळे दरबारच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळ्यांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. त्यातून भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभं राहिलं. चहाचं दुकान त्या काळातही मोठ्या भांडवलाचं काम नव्हतं. चूल, किटली, कपबशा, साखर आणि दूध एवढ्यावर ते सुरू होई. कमी होतं ते गिऱ्हाईक. महाराच्या हातचा चहा प्यायला कोण येणार, आणि चहा विकला नाही तर तापवलेलं दूध संध्याकाळी ओतून द्यायचं की काय, हा सवाल होता. मालक कितीही धीराचा असता तरी नासलेल्या दुधानं महिन्याभरात दुकान बसवलं असतं. महाराज आपली गाडी तिथं थांबवू लागले, चहा मागवून स्वतः पिऊ लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले. त्यांच्याकडे काम घेऊन आलेल्यांना आधी कांबळ्यांचा चहा घ्यावा लागे, असंही सांगतात.

यावर आक्षेप सरळ आहे: हा कसला धंदा? राजाच्या भीतीनं प्यायलेला चहा म्हणजे खैरात. मला तो पटत नाही. फुकट मिळालेली रक्कम एकदा संपते. इथं मात्र प्रत्येक कप विकला जात होता, आणि राजासमोर एकदा विटाळ झाला की दुसऱ्या खेपेला सबब उरत नव्हती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हुकूम काढण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता त्यानं चहा पीत बसायची काय गरज? हुकूमही निघाले होतेच. १९१९ साली सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा आदेश संस्थानात निघाला. पण विहिरीवर कुणाला अडवू नका असं हुकमानं सांगता येतं. अमक्याकडून चहा विकत घ्या असं कुठल्याही हुकमानं सांगता येत नाही. गिऱ्हाइकाची सवय बदलायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ दुकान उघडं राहायला हवं. बलुत्याच्या व्यवस्थेत हा प्रश्नच नव्हता. तिथं काम आणि आसामी जन्मानं ठरलेली, मोबदला सुगीत खळ्यावर. १९१८ साली कोल्हापुरात बलुता आणि महार वतन दोन्ही कायद्यानं संपली, आणि माणूस मोकळा झाला तसा बाजारात एकटाही पडला. महाराज ६ मे १९२२ रोजी वारले. पुढे १९२५ साली त्यांचं पहिलं स्मारक उभारलं ते याच कांबळ्यांनी पुढाकार घेऊन. दुकानाचा नफा किती झाला हे त्यावरून कळत नाही, पण पागेतला नोकर चार लोकांना जमवून सार्वजनिक काम करण्याइतका उभा राहिला होता, एवढं नक्की.

धीर हा स्वभावच असता तर कोल्हापुरात सगळ्यात श्रीमंत चपला करणारे झाले असते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमवायला आठवडेच्या आठवडे जातात. मग तळ, पट्टे, वेणी, शिलाई. वेणीचं बारीक काम बहुधा घरातल्या बायकांच्या हातचं. इतका दम असलेली घरं पिढ्यान् पिढ्या कारागीरच राहिली आणि दुकानाचा नफा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या गल्ल्यात गेला. हे कौशल्य कमी पडल्यामुळे झालं असं कुणी म्हणणार नाही. विक्रीची अक्कल नव्हती, असं मात्र म्हणतात, आणि ते मला अर्धवट वाटतं. ज्याला या आठवड्याच्या बाजारासाठी तयार जोड आजच विकावा लागतो, त्याला सणासुदीचा भाव येईपर्यंत थांबता येत नाही. ज्याच्याकडे माल साठवून ठेवायला पैसा आहे, फरक त्याच्या पदरात पडतो. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यानं नावाची नक्कल रोखायला कायद्याचा आधार मिळाला, आणि ते हवंच होतं. पण कातडं कमावलं जाईपर्यंतच्या आठवड्यांत कारागिराच्या घरचा खर्च कुठून भागणार, याची सोय मानांकनात नाही. ती पतपेढीनं, सहकारी सोसायटीनं किंवा सरकारी महामंडळानं करायची आहे, आणि शाहूपुरीच्या व्यापाऱ्यांसाठी दरबारानं ती १८९५ सालीच करून दाखवली होती.